कॉमिकवरच्या चित्रपटाला गुण कसे द्यावेत?

कॉमिकवर आधारलेला सुपरहिरोपट प्रदर्शित झाला की त्याच्याविषयीची पहिली चर्चा जमाखर्चाच्या वळणाने जाते. पोशाखाचा रंग का बदलला, अमुक पात्र का गाळले, शेवट मूळचाच ठेवला की नाही, असे प्रश्न विचारले जातात. एखादी मालिका वर्षानुवर्षे वाचत आलेल्या माणसाने असा हिशेब मागावा यात गैर काही नाही. तरीही या हिशेबातून चित्रपट चांगला की वाईट हे ठरत नाही, आणि कॉमिकशी त्याचे नाते किती खरे आहे हेही ठरत नाही, असे माझे मत आहे. असा चित्रपट पाहताना मी एकच प्रश्न धरून ठेवतो: मूळ कॉमिकने जो परिणाम केवळ छापील पानाच्या बळावर साधला होता, त्याच्या जागी या दिग्दर्शकाने पडद्याच्या बळावर काय उभे केले?

बहुतेक सुपरहिरोंच्या बाबतीत ‘मूळ’ म्हणून बोट ठेवावे अशी एकच एक गोष्ट नसतेच. सुपरमॅन १९३८मध्ये आला आणि बॅटमॅन १९३९मध्ये. तेव्हापासून कितीतरी लेखकांनी आणि चित्रकारांनी त्यांच्या कथा रचल्या, मोडल्या आणि पुन्हा रचल्या. कॉमिकमध्ये बॅटमॅनच्या आईवडिलांचा खून जो चिल नावाचा एक क्षुद्र गुंड करतो. टिम बर्टनच्या १९८९च्या ‘बॅटमॅन’मध्ये मात्र ती हत्या पुढे जोकर, म्हणजे बॅटमॅनचा कट्टर शत्रू, होणाऱ्या तरुणाच्या हातून घडते. हा बदल मला वाईट वाटतो, पण तो कॉमिकमध्ये नव्हता म्हणून नव्हे. आईवडील कुठल्याशा किरकोळ गुन्हेगाराच्या हातून गेले, म्हणूनच बॅटमॅनचे वैर साऱ्या गुन्हेगारीशी आहे. मारेकरी जोकरच ठरला की त्या वैराचा खासगी सूड होतो, आणि सूड पुरा झाल्यावर या माणसाने रोज रात्री मुखवटा का चढवावा, याचे उत्तर चित्रपटापाशी उरत नाही.

याउलट ख्रिस्तोफर नोलनच्या २००८च्या ‘द डार्क नाइट’मध्ये जोकरला पूर्वायुष्यच दिलेले नाही. तोंडावरच्या व्रणांची हकिकत तो दोनदा सांगतो आणि दोन्ही वेळा वेगळी सांगतो. १९८८च्या ‘द किलिंग जोक’ या कॉमिकमधल्या जोकरलाही आपला भूतकाळ कधी एक आठवतो तर कधी दुसरा. नोलनने त्या कॉमिकची कथा घेतलेली नाही. या माणसाच्या दुष्टपणाला कारण शोधू गेल्यास हाती काही लागत नाही, ही त्यातली अस्वस्थ करणारी जाणीव मात्र त्याने पुरेपूर घेतली आहे. कथानक न घेताही मुळाच्या इतके जवळ जाता येते.

आता याच्या अगदी विरुद्ध टोकाचे उदाहरण पाहू. ॲलन मूर यांनी लिहिलेले आणि डेव्ह गिबन्स यांनी चितारलेले ‘वॉचमेन’ १९८६-८७मध्ये बारा अंकांत प्रसिद्ध झाले, आणि झॅक स्नायडर यांचा त्यावरचा चित्रपट २००९मध्ये आला. मूर यांनी श्रेयनामावलीत आपले नाव येऊ दिले नाही. स्नायडर यांनी मात्र कॉमिकच्या कितीतरी चौकटी कोन, रंग आणि पात्रांच्या उभे राहण्याच्या ढबीसकट जशाच्या तशा पडद्यावर आणल्या. वाद झाला तो मुख्यतः शेवटावरून. कॉमिकमध्ये ओझिमँडियस हा माजी मुखवटाधारी वीर अणुयुद्ध टाळण्यासाठी न्यूयॉर्क शहरात एक अवाढव्य कृत्रिम प्राणी सोडून परग्रहावरून हल्ला झाल्याचा भास निर्माण करतो. चित्रपटात तो प्राणी नाही, आणि महानगरांच्या विध्वंसाचा आळ डॉक्टर मॅनहॅटन या अफाट शक्तीच्या महामानवावर येतो. माझ्या मते हा बदल समर्थनीय आहे. मॅनहॅटन कथेत आधीपासून आहे, जग त्याला आधीपासून भिते आहे, त्यामुळे पटकथा आटोपशीर होते. खरे नुकसान दुसरीकडे झाले आहे आणि त्याची चर्चा फार कमी झाली.

कॉमिकमध्ये रस्त्याच्या एका कोपऱ्यावर वर्तमानपत्रांचा स्टॉल आहे. तिथला बडबड्या विक्रेता आणि त्याच्याजवळ बसून फुकटात चाच्यांचे कॉमिक वाचणारा मुलगा यांचा मुख्य कथानकाशी काही संबंध नाही. तरी अंकामागून अंक आपण त्या कोपऱ्यावर परत येतो, तिथले टॅक्सीचालक, भांडणारी जोडपी, युद्धाच्या बातम्या यांची आपल्याला सवय होते. शहर उद्ध्वस्त होते त्या क्षणी हा विक्रेता त्या मुलाला कवेत घेऊ पाहतो, आणि वाचकाच्या दृष्टीने लाखो माणसांचा मृत्यू या दोन माणसांच्या मृत्यूतून खरा होतो. चित्रपटगृहात दाखवलेल्या आवृत्तीत हा स्टॉल जेमतेम झळकून जातो. त्यामुळे चित्रपटात आकड्याने लाखो माणसे मरतात, पण त्यांतले ओळखीचे कोणी नसते. ओझिमँडियसने जे केले ते क्षम्य आहे का, हा कथेचा गाभ्याचा प्रश्न. त्याच्या तराजूतले एक पारडेच रिकामे राहिले.

पानाच्या रचनेचे असेच झाले आहे. ‘वॉचमेन’ची बहुतेक पाने नऊ सारख्या चौकटींच्या जाळ्यावर बेतलेली आहेत. अकरा अंक ती शिस्त वाचकाच्या डोळ्यांत मुरल्यावर बारावा अंक उघडतो तो एकापाठोपाठ एक अशा पूर्ण पानभर प्रेतांच्या चित्रांनी. चौकटी नाहीशा झालेल्या असतात आणि पान उलटण्याचे काम वाचकाच्या हाताला करावे लागते. स्नायडर यांच्या चित्रपटात त्या जागी प्रकाशाचा लोळ आणि हवेत विरून जाणारी शरीरे आहेत. ज्या दिग्दर्शकाने गल्लीतल्या मारामारीत मोडणारी हाडे इतक्या जवळून आणि इतक्या आवडीने दाखवली, त्यानेच या ठिकाणी नजर फिरवावी हे मला विलक्षण वाटते. मुळात त्या मारामारीतली माणसे पोट सुटलेली, सराव तुटलेली, धापा टाकणारी आहेत. चित्रपटात ती चपळ आणि देखणी लढवय्ये झाली आहेत. चौकट तंतोतंत उतरवली, पण त्या चौकटीत मुखवटाधारी वीरांविषयी जो संशय होता तो गळून गेला.

याच चित्रपटात एक प्रकरण मात्र उत्तम साधले आहे, आणि न्याय म्हणून ते सांगितले पाहिजे. डॉक्टर मॅनहॅटनला भूत, वर्तमान आणि भविष्य एकाच वेळी दिसतात. कॉमिकच्या चौथ्या अंकात तो मंगळावर बसून आपले आयुष्य आठवतो तेव्हा वेगवेगळ्या वर्षांच्या चौकटी एकाच पानावर शेजारी शेजारी असतात, म्हणजे वाचकालाही काळ त्याच्यासारखाच सगळा एकदम समोर मांडलेला दिसतो. पडद्याला हे शक्य नाही, कारण तिथे एक प्रतिमा गेल्याशिवाय दुसरी येत नाही. स्नायडर यांनी इथे निर्विकार निवेदनाखाली फिलिप ग्लास यांचे संगीत वापरले. त्या संगीतात स्वरांची तीच ती आवर्तने पुन्हा पुन्हा येत राहतात, आणि काळ पुढे सरकतो आहे की जागीच फिरतो आहे हे कळेनासे होते. पानाने जे जागेच्या आधारे केले, ते चित्रपटाने कानांवाटे केले. संपूर्ण चित्रपट या दर्जाचा असता तर मूर यांचे नाव नसणे मला अधिक खुपले असते.

सॅम रायमी यांच्या स्पायडरमॅनवरच्या चित्रपटांत बदलातून लाभ कसा होतो ते दिसते. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांच्या १९६२च्या कथेत पीटर पार्कर, म्हणजेच स्पायडरमॅन, जाळे फेकणारे यंत्र स्वतः तयार करून मनगटाला बांधतो. रायमी यांच्या २००२च्या चित्रपटात जाळे त्याच्या शरीरातूनच निघते. यावर वाचक चिडले, आणि त्यांच्या चिडण्यात तथ्य होते, कारण त्या यंत्रामुळे पीटरची बुद्धी सिद्ध होत होती. पण २००४च्या ‘स्पायडर-मॅन २’मध्ये या बदलाचे फळ मिळते. पिझ्झा पोहोचवण्याची नोकरी गेलेली, आवडत्या मुलीच्या, मेरी जेनच्या, नाटकाला उशीर झालेला, घरभाडे थकलेले, अशा अवस्थेत त्याचे जाळे येणेच बंद होते आणि तो उंचावरून कोसळतो. यंत्र असते तर ते बिघडले एवढाच अर्थ निघाला असता. इथे त्याचे शरीरच या दुहेरी आयुष्याला नकार देते. त्यानंतर पोशाख गल्लीतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून पीटर पाठ फिरवतो ते दृश्य स्पायडरमॅनच्या कॉमिकच्या १९६७च्या पन्नासाव्या अंकातले, जॉन रोमिटा यांनी काढलेले प्रसिद्ध चित्र आहे. स्नायडर यांच्याप्रमाणे रायमीही इथे चौकट उतरवून घेतात, फक्त तिथवर येणारी वाट त्यांनी स्वतः बांधलेली असते.

तरी रायमी यांनाही एका ठिकाणी गुण कापावे लागतात. त्याच कॉमिकच्या १९७३च्या एकशे एकविसाव्या अंकात ग्रीन गॉब्लिन हा खलनायक स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिला पुलावरून ढकलतो, स्पायडरमॅन तिला जाळ्याने पकडतो, आणि तिच्या मानेजवळ एक छोटासा ध्वनिशब्द छापलेला असतो. घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून तो सुटू शकतो. ज्याला दिसतो त्याला कळते की वाचवण्याच्या झटक्यानेच तिचा जीव गेला. २००२च्या चित्रपटाने पूल घेतला, गॉब्लिन घेतला, ग्वेनच्या जागी मेरी जेन आणली, एकतर तिला वाचव नाहीतर मुलांनी भरलेला रोपवेचा पाळणा, असा पेच टाकला, आणि दोन्ही वाचवले. अशा वेळी नायकाला काहीच गमवावे लागत नसेल, तर गॉब्लिनने त्याच्यापुढे टाकलेला पेच मुळात पेच राहत नाही.

पानाची नक्कल आणि पानाचा पर्याय यांतला फरक पाहायचा असेल तर दोन चित्रपट लागोपाठ पाहावेत. अँग ली यांच्या २००३च्या ‘हल्क’मध्ये पडद्याचे कॉमिकसारखे तुकडे पाडून अनेक चौकटी एकाच वेळी दाखवल्या आहेत. प्रयोग धाडसी होता, पण पानावर कुठल्या चौकटीपाशी किती थांबायचे हे वाचक ठरवतो आणि पडद्यावर ते संकलक ठरवतो; त्यामुळे डोळ्यांची धावपळ होते आणि अर्थात फारशी भर पडत नाही. २०१८च्या ‘स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स’मध्येही छपाईचे ठिपके आहेत, विचारांच्या चौकटी आहेत, पण त्या माइल्सला, म्हणजे त्यातल्या नवख्या स्पायडरमॅनला, कोळी चावल्यानंतर उमटू लागतात. जंगलातल्या पाठलागात माइल्सच्या हालचाली सेकंदाला १२ चित्रांत आणि अनुभवी पीटरच्या २४ चित्रांत रंगवल्या आहेत, त्यामुळे एकाचे नवखेपण दुसऱ्याच्या शेजारी नुसते पाहूनही कळते. छापील कॉमिकला हे कधीच करता आले नसते, आणि तरीही इतका कॉमिकसारखा चित्रपट मला दुसरा आठवत नाही.

परस्परांशी जोडलेल्या चित्रपटांच्या मालिकांनी परीक्षण थोडे अवघड केले आहे, कारण पुढच्या चित्रपटाची जाहिरात कुठे संपते आणि समोरची कथा कुठे सुरू होते हे कळत नाही. २०१६चा ‘कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर’ त्यातल्या त्यात स्वतःच्या पायावर उभा आहे. मार्क मिलर आणि स्टीव्ह मॅकनिव्हन यांच्या २००६-०७च्या कॉमिकमध्ये भांडण सुपरहिरोंनी सरकारकडे नोंदणी करावी की नाही यावरून होते, आणि गुप्त ओळख उघडी पडण्याची भीती त्याच्या मुळाशी असते. चित्रपटातल्या बहुतेक वीरांना गुप्त ओळखच नाही. म्हणून पटकथेने वाद आंतरराष्ट्रीय नियंत्रणाच्या कराराकडे वळवला आणि अखेरीस टोनी स्टार्क ऊर्फ आयर्न मॅनच्या आईवडिलांच्या हत्येपाशी आणून सोडला. कारणमीमांसेत हा चित्रपट मला कॉमिकपेक्षा सरस वाटतो. पण कॉमिकमधला कॅप्टन जिंकण्याच्या बेतात असताना भोवतालचा विध्वंस पाहून थांबतो आणि शरण जातो, तर चित्रपटातला कॅप्टन टोनीला समजुतीचे पत्र आणि एक फोन पाठवून आपल्या साथीदारांना तुरुंगातून सोडवायला जातो. इतक्या कष्टाने उभे केलेले भांडण एका पत्राने इतके सौम्य करून टाकल्याबद्दल मी या चित्रपटाचे गुण कापतो.