आठाच्या जागी तीन

शाळेच्या तपासणीतून आलेली सातवीतली मुलगी. नंबर नव्हताच, तक्त्यावरची शेवटची ओळही तिने घडाघडा वाचली. बाईंची चिठ्ठी होती : 'नकाशात रंग चुकवते.' म्हणून इशिहारांचं, रंग ओळखता येतात का ते तपासायचं पुस्तक काढलं. पहिल्या पानावरच्या ठिपक्यांत १२ असतो, तो सगळ्यांनाच दिसतो. पुढच्या पानावर ८. ती म्हणाली, "तीन." ७४ला "एकवीस." लाल-हिरव्याची गल्लत करणारे डोळे नेमकं असंच वाचतात.

मुलग्यांमध्ये हे मी पुष्कळदा पाहिलंय. मुलगी मात्र बावीस वर्षांच्या नोकरीत ही पहिलीच.

"मामाच्या वळणावर गेली," वडील म्हणाले. "तो याच्यापायी रेल्वेच्या मेडिकलला बाद झाला. आमच्यात असलं काही नाही." आई गप्प.

मी केसपेपर पालथा करून आकृती काढली. लाल-हिरवा ओळखायला लावणारी जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषाकडे एक्स एकच, तोही आईकडून आलेला. त्यातच खोट निघाली की काही इलाज नाही. मामाला तो आजीकडून आला. बाईकडे दोन एक्स असतात, एक धड असला तरी भागतं. आईचं तसंच भागलंय. मग मुलीचं का भागू नये? तिचा दुसरा एक्स तर...

बोलता बोलता मीच थांबलो. बापाकडे मुलीला द्यायला एकच एक्स असतो. पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं.

"बारा." पान उलटलं. "तीन."

मुलीने चमकून बापाकडे बघितलं. आई मात्र खुदकन हसली. "तरीच! टोमॅटोच्या तोड्याला पंधरा वर्षं मीच पुढे. हे नुसते क्रेट उचलतात. मला वाटायचं, अंगचोरपणा करतात."

"मी दाबून बघतो की," ते पुटपुटले.

यावर औषध नाही, पण नजर अधूही होत नाही. बाईंना लिहून दिलं, नकाशात रंगांशेजारी नावं टाका. उठता उठता वडिलांनी विचारलं, "धाकट्याला माझं येणार का?"

"तुमचं नाही. त्याला तुमचा वाय गेलाय. आईच्या दोनांतला कुठला एक्स गेला, त्यावर आहे. निम्मानिम्मा डाव."

पहिलीतला तो बाहेर बाकावर बिस्कीट खात बसला होता. आत बोलावलं. १२ वाचला. पुढचं पान काढलं, तर त्याच्याआधी ते दोघंच पुस्तकावर वाकले.

"आठ," तो म्हणाला, आणि बापाकडे बघून, "बरोबर ना?"

"आईला विचार," वडील म्हणाले.