धरणाखालचा ट्राउट काय खातो?

धरणाच्या खोल थरातून सोडलेले पाणी उन्हाळ्यातही थंड राहते, म्हणून खालची नदी ट्राउट माशाला मानवते, असे सांगितले जाते. परंतु माझ्या मते अधिक महत्त्वाचा प्रश्न त्याला खायला काय मिळते हा आहे.

अमेरिकेतील कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅन्यन धरणात १९६३ साली पाणी अडवले जाऊ लागले आणि पुढे विजेच्या मागणीनुसार विसर्ग दिवसा वाढवण्याची व रात्री घटवण्याची पद्धत पडली. अनेक जलकीटक काठालगतच्या दगडांवर, पाण्याच्या रेषेजवळ अंडी घालतात. काही तासांत पातळी उतरली की ती अंडी उघडी पडून वाळतात. त्यामुळे ट्राउटला बहुतांशी चिलटांसारख्या बारीक कीटकांवर भागवावे लागते, आणि मोठ्या माशाला इतके लहान भक्ष्य टिपण्यात खर्च होणारी ऊर्जा जेमतेम भरून निघते.

मार्च २००८ मध्ये तेथे मुद्दाम सोडलेल्या मोठ्या विसर्गानंतर कीटकांचे काही प्रकार वाढले आणि ट्राउटची पिल्लेही अधिक संख्येने जगली. मात्र पिल्ले वाढली म्हणजे नदी सुधारली, असे मानणे मला घाईचे वाटते, कारण अन्न त्या प्रमाणात वाढले नाही तर तेच मासे पुढे कृश होतात. २०१८ पासून काही उन्हाळ्यांत शनिवार-रविवारी विसर्ग कमी व स्थिर ठेवण्याचा प्रयोग झाला, जेणेकरून त्या दोन दिवसांत खालच्या पातळीवर घातलेली अंडी पुढेही पाण्याखालीच राहावीत. विजेचे थोडे उत्पन्न सोडून केलेला हा विचार मला मनापासून पटतो.