सरासरीच्या वर किती जण?

सुवर्णमहोत्सवाच्या अंकासाठी काहीतरी लिहून दे असा शाळेतून फोन आला, तेव्हा गॅदरिंग, सहल, कवायत यावर बाकीचे लिहितीलच, मी कॉम्प्युटर रूमवर लिहिणार असं फोनवरच सांगून टाकलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. चपला बाहेर काढायच्या, एका मशीनवर तिघं तिघं बसायचं, आणि काळ्या स्क्रीनवर जीडब्ल्यू बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेचं ‘ओके’ आलं की सुरुवात.

नववीत सरांनी एक प्रोग्राम करायला दिला. वर्गात ४० मुलं, सहामाहीचे इंग्रजीचे १०० पैकी मार्क, त्याची सरासरी काढा. हे सगळ्यांना जमलं, फॉर-नेक्स्टचा लूप, म्हणजे त्याच ओळी परत परत फिरवणारी फेरी, लावायचा, एकेक मार्क रीड करायचा, एस नावाच्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे आकडा ठेवायच्या जागेत, मिळवत जायचं आणि शेवटी ४० ने भागायचं. मग सर म्हणाले, आता सांगा, सरासरीच्या वर किती जण आहेत?

इथे अख्खा वर्ग थांबला. कारण सरासरी कळते चाळिसावा मार्क वाचल्यावर, आणि तोपर्यंत आधीचे ३९ पुसले गेलेले असतात, एका व्हेरिएबलमध्ये नवीन आकडा आला की जुना गेलाच. बरं, ४० वेगळी व्हेरिएबल्स घ्यायची म्हटलं तर ४० वेळा इफ, म्हणजे ‘जर’ची अट, लिहा, आणि शेजारच्या तुकडीत ५२ मुलं असली तर परत सगळं नव्याने. तेव्हा सरांनी फळ्यावर लिहिलं, डिम एम(४०), म्हणजे एम नावाचा ॲरे, एकाच नावाखाली ४० पर्यंत नंबर घातलेले खण. हजेरी घेताना १७ नंबर पुकारला की तोच मुलगा ‘हजर’ म्हणतो ना, तसं एम कंसात १७ म्हटलं की त्याचेच मार्क मिळणार. आणि कंसात नुसता आय ठेवला तर लूप फिरेल तसा आय १ वरून ४० पर्यंत जाणार, म्हणजे एका ओळीत सगळा वर्ग. पहिल्या फेरीत मार्क भरा आणि बेरीज करा, दुसऱ्या फेरीत प्रत्येकाला सरासरीशी ताडून बघा. नुसत्या सरासरीला ॲरे लागतच नाही, तो लागतो मागे वळून परत बघायचं असतं तेव्हा, हे इतकं स्वच्छ मला नंतर कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

मशीनला हात लावायच्या आधी सर वहीत तक्ता करायला लावायचे. तीन रकाने, आय, एम(आय), एस. पहिल्या पाच मुलांचे मार्क घेऊन लूप आपणच हाताने फिरवायचा. आज इतकी वर्षं प्रोग्राम लिहायचं हेच काम करतोय, तरी अडलं की मी कागद घेऊन तेच तीन रकाने आखतो.

सगळ्यात जास्त मार्क काढताना सर एच या उत्तराच्या व्हेरिएबलमध्ये सुरुवातीला शून्य ठेवू द्यायचे नाहीत, एम(१) च ठेवायचा. का, तर उद्या मार्कांऐवजी लडाखमधल्या द्रासचं जानेवारीतलं किमान तापमान दिलं तर सगळे आकडे उणे असतील आणि उत्तर शून्य येईल, जे यादीत नाहीच.

पण मला सगळ्यात आवडलेला प्रोग्राम वेगळाच. कुठले मार्क किती जणांना पडले ते मोजा. दुसरा ॲरे घेतला, डिम सी(१००), आणि गाभा एकच ओळ, सी(एम(आय)) मध्ये एक मिळवा. म्हणजे ६७ मार्क आले की ६७ नंबरच्या खणात एक वाढला, शोधाशोध नाही, इफ नाही! बेसिकमध्ये खण शून्यापासून असतात म्हणून शून्य मार्कवाल्यालाही जागा होती, आणि सगळे खण आपोआप शून्याने सुरू होतात. मग १०० पासून खाली स्टेप मायनस वन ने, म्हणजे एकेक कमी करत, आलं की मार्क उतरत्या क्रमाने छापून तयार, सॉर्टिंग न करता. पुढे कॉलेजात कळलं की यालाच काउंटिंग सॉर्ट म्हणतात आणि १९५४ मध्ये हॅरोल्ड सेवर्ड यांनी ते मांडलं होतं. आमच्याकडे ते नववीच्या वहीत होतं, नाव न लिहिता. तिथेच सी लँग्वेज आली, तिच्यात १०० म्हणजे शून्यापासून मोजून १०० खण, म्हणून १०० चा ॲरे ९९ लाच संपतो, पैकीच्या पैकी मिळवणाऱ्याला जागा हवी तर १०१ लिहावं लागतं. हे मला एकदाच वाचून पटलं, कारण खण डोळ्यासमोर होते.

आता शाळेत पायथन ही भाषा शिकवतात म्हणे, फार चांगलं आहे. तिथे सम (बेरीज) आणि मॅक्स (सगळ्यात मोठा आकडा) तयार मिळतात, पण माझी मनापासून विनंती आहे की आधी एकदा ते मुलांना लूप लावून स्वतः लिहायला लावा, तक्त्यासकट. आणि सरांनी वर्ष संपताना दिलेलं गणितही द्या, एकाच लूपमध्ये दुसरा नंबर काढायचा. पहिल्या नंबरावर दोघं असतील तर दुसरा कोणाला म्हणायचं, हे आम्हाला त्यांनी सांगितलं नव्हतं, वर्गात भांडून ठरवायला लावलं होतं, तेही तसंच ठेवा.