तुम्ही विचारलंत म्हणून: नाकारावासारखा ऑफलोड कसा जमवायचा?

रग्बी खेळणारी मुलं आणि त्यांना शिकवणारे, दोघांकडून एक प्रश्न हमखास येतो. फिजीचा लॉक (स्क्रममध्ये दुसऱ्या रांगेत रेटणारा खेळाडू) लिओने नाकारावा टॅकल होता होता, म्हणजे समोरचा त्याला धरून पाडत असतानाच, एका हाताने चेंडू मागच्याला देतो, तो ऑफलोड कसा शिकायचा? सोबत त्याच्या ग्लासगो किंवा रासिंग या क्लबांतल्या दिवसांतली एखादी क्लिपही असते. क्लिपमध्ये नजर जाते ती त्या लांब हातावर, आणि दुसऱ्या दिवशी मुलं मैदानात एका हाताने चेंडू फेकायला लागतात. आमचं उत्तर असं, की हाताचा नंबर सगळ्यात शेवटचा. आधी पाय, मग खांदा, मग मागून येणारा साथीदार. हे समजून घ्यायला त्याची कारकीर्दच बघावी लागते.

नाकारावाचा जन्म १९८८ चा, व्हीती लेवू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या तावुआचा. तो फिजीच्या सैन्यात होता आणि सैन्याच्या संघाकडून खेळायचा. राष्ट्रीय संघात २००९ मध्ये स्कॉटलंडविरुद्ध आला आणि पुढे २०११, २०१५ आणि २०१९ असे तीन विश्वचषक खेळला. उंची १.९८ मीटर, वजन १२० किलोच्या आसपास. या अंगाच्या माणसाला रग्बीत चार किंवा पाच नंबरची जर्सी मिळते. स्क्रममध्ये (दोन्ही संघांचे आठ-आठ जण एकमेकांना रेटतात तेव्हा) पुढच्या रांगेतल्या हूकर आणि प्रॉपच्या कमरांमध्ये डोकं घालून मागून रेटायचं, लाइनआउटमध्ये (बाजूच्या रेषेवरून चेंडू आत फेकला जातो तेव्हा) उचललं गेल्यावर हवेत चेंडू पकडायचा, रक (खाली पडलेल्या चेंडूभोवतीची झटापट) साफ करायचे. लॉकने पाच मीटर पुढे जाऊन सरळ जमिनीवर पडावं आणि चेंडू मागे ठेवावा, एवढीच बहुतेक प्रशिक्षकांची अपेक्षा असते.

नाकारावा तिथे थांबला नाही, कारण त्याची घडण सेव्हन्सच्या, म्हणजे सात जणांच्या रग्बीच्या, देशातली. सेव्हन्समध्ये मैदान पंधरा जणांच्या खेळाएवढंच मोठं, पण माणसं सात आणि वेळ सात-सात मिनिटांचे दोन डाव. टॅकल होऊन तुम्ही खाली पडलात की चेंडू राखायला निदान एक-दोन साथीदार अडकतात. सातातले दोन-तीन असे गुंतले तर सत्तर मीटर रुंदीत पुढचा हल्ला करायला उरतो कोण? म्हणून पडण्याआधीच चेंडू दिलेला परवडतो. बाहेरच्यांना फिजीच्या पोरांच्या ऑफलोडमध्ये नुसती हौस दिसते. आमच्या मते तो असा रोखठोक हिशेब आहे. पंधराच्या खेळातही तोच हिशेब वेगळ्या वाटेने लागतो. चेंडू जमिनीवर आला आणि त्यावर कुणी पायांवर उभा राहिला की ऑफसाइडची रेषा (जिच्या मागे प्रत्येकाला राहावं लागतं ती) तयार होते आणि बचाव करणाऱ्यांना परत रांग लावायला वेळ मिळतो. चेंडू खाली आलाच नाही तर ती रेषाही नाही आणि तो वेळही नाही.

आता प्रत्यक्ष कृती. चेंडू टक्कर होईपर्यंत दोन्ही हातांत, छातीसमोर. तो दोन हातांत असला की समोरच्याला पास येणार की धडक बसणार हे कळत नाही, आणि तो अर्धा क्षण थबकतो. मग शेवटच्या दोन पावलांत दिशा थोडी बदलायची. टॅकल करणाऱ्याच्या छातीवर सरळ जायचं नाही, त्याच्या एका खांद्याच्या बाहेरच्या कडेवर जायचं. पुढचा पाय त्याच्या कमरेच्या पलीकडे पडला पाहिजे. क्लिप हळू करून नाकारावाचा हा पाय बघा. तो पलीकडे पडला की टॅकल करणारा बाजूला लोंबकळतो, समोर भिंत राहत नाही, आणि पडतानाही धड पुढे झुकलेलं राहतं. कबड्डीत पकडीत सापडलेला चढाईपटू जसा रेषेकडे झेपावतो, तसंच हे पुढे झुकणं.

यानंतर चेंडू दूरच्या हातात जातो. कोपर टॅकल करणाऱ्याच्या मिठीच्या वर किंवा बाहेर मोकळं हवं. कोपर अडकलं तर नुसत्या मनगटाच्या जोरावर काही होत नाही. साथीदार दिसला, निदान त्याची हाक ऐकू आली, तरच चेंडू सोडायचा. फेक जोराची नको. त्याच्या छातीच्या उंचीवर चेंडू अलगद सोडून द्यायचा. गुडघा टेकला तरी पास लगेच दिला तर नियमात बसतो. खूप मुलांना हे माहीत नसतं आणि ती घाईने आधीच चेंडू टाकून देतात.

एका हाताच्या पकडीचं काय? पाच नंबरच्या, म्हणजे मोठ्यांच्या, चेंडूचा आडवा घेर ५८० ते ६२० मिलिमीटर, वजन ४१० ते ४६० ग्रॅम. मोठ्या पंजालाही तो मधोमध धरता येत नाही. टोकाकडे, जिथे घेर कमी होतो तिथे बोटं पसरून धरावा लागतो. नाकारावाचा पंजा विलक्षण मोठा आहे, हे खरंच, आणि ते शिकवून येत नाही. पण बारकाईने पाहिलं तर त्याचेही कितीतरी ऑफलोड दोन हातांचे आहेत. क्लिपांमध्ये ते फारसे येत नाहीत, एवढंच.

चुका बहुतेक तीन जागी होतात. पहिली, साथीदार फार जवळ किंवा अगदी बाजूच्या रेषेत धावतो. धडकेनंतर चेंडूवाला मागे रेटला जातो, साथीदार पुढे निघून जातो आणि पास पुढे पडतो, म्हणजे नियमबाह्य ठरतो. साथीदाराने दीड-दोन मीटर मागे राहून, टक्कर झालेली पाहून मगच वेग वाढवायचा. दुसरी, समोर दोघं असताना दिलेला ऑफलोड. पहिला पाय धरतो आणि दुसरा थेट चेंडूवर येतो. दुसरा माणूस दिसला की चेंडू छातीशी घेऊन खाली जाणं हाच शहाणपणा. तिसरी, स्वतःच्या गोलरेषेपासून बावीस मीटरच्या आत केलेली हौस. तिथे नॉक-ऑन झाला, म्हणजे चेंडू हातून पुढे सुटला, तर समोरच्याला स्क्रम मिळतो आणि त्यातून बहुतेक वेळा गुण जातात.

नाकारावाला हे उमगायला योग्य संघही लागला. २०१३ मध्ये तो ग्लासगो वॉरियर्सकडे गेला. तिथे प्रशिक्षक ग्रेगर टाउनसेंडच्या संघात त्याच्या मागे धावणं हे इतरांचं नेमून दिलेलं काम झालं. मे २०१५ मध्ये बेलफास्टला प्रो-१२ या क्लब-लीगच्या अंतिम सामन्यात ग्लासगोने मन्स्टरला ३१-१३ हरवलं, आणि सामनावीर ठरला हा लॉक. पुढच्या वर्षी रिओमध्ये तो फिजीच्या सेव्हन्स संघात होता. ब्रिटनविरुद्धच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला २९-०, शेवटी ४३-७, आणि फिजीचं पहिलं ऑलिंपिक पदक, तेही सुवर्ण. स्क्रममध्ये रेटणारा लॉक सेव्हन्सचं ऑलिंपिक सोनं घेऊन येतो, हे आजही थक्क करतं.

तिथून पॅरिसचा रासिंग ९२. या क्लबचं नवं मैदान छताखालचं, त्यामुळे चेंडू कोरडा, आणि कोरड्या चेंडूवर त्याचा हात आणखी खुलला. २०१८ मध्ये तो युरोपचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच मोसमाचा युरोपियन क्लब-स्पर्धेचा अंतिम सामना मात्र बिल्बाओच्या ओल्या हवेत झाला. लेन्स्टरने रासिंगविरुद्ध १५-१२ ने जिंकला, एकही ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळणारे गुण) झाली नाही, सगळे गुण पेनल्टीचे. ओला चेंडू आणि शिस्तीचा बचाव समोर असला की ऑफलोड किती आखडतो, हे शिकायला हा सामना जरूर बघावा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फिजीने फ्रान्सला त्यांच्याच घरी २१-१४ हरवलं, इतिहासात पहिल्यांदा.

पुढचा काळ कठीण गेला. २०१९ च्या विश्वचषकानंतर फिजीहून उशिरा परतल्यावरून रासिंगने त्याचा करार संपवला. तो पुन्हा ग्लासगोला आला. मग अल्स्टरशी ठरलेला करार वैद्यकीय कारणाने फिसकटला. शेवटी तुलाँ आणि कास्त्र हे फ्रान्समधले क्लब. फिजीच्या फॉरवर्डची, म्हणजे स्क्रममधल्या आठ जणांपैकी कुणाचीही, ही नेहमीची ओढाताण. पगार युरोपात, राष्ट्रीय संघ प्रशांत महासागरात. जागतिक संघटनेच्या नियमाप्रमाणे ठरलेल्या काळात क्लबला खेळाडू सोडावा लागतो, पण तो काळ थोडा असतो. ऑफलोड थोड्या दिवसांत जुळतो, कारण तो लहानपणापासून अंगात असतो. लाइनआउटच्या खुणा आणि स्क्रमची बांधणी तशी जुळत नाही. आठ जणांना महिनोन्‌महिने एकत्र घालवावे लागतात. फिजीचा पॅक (हे आठ फॉरवर्ड) वर्षानुवर्षं तिथेच मार खात आला. २०२२ पासून फिजियन द्रुआ हा फिजीतला संघ सुपर रग्बी या क्लब-लीगमध्ये खेळू लागला, आणि तेविता इकानिवेरे, इसोआ नासिलासिला यांच्यासारख्या फॉरवर्डना घरी राहूनच एकत्र सराव मिळू लागला. २०२३ च्या विश्वचषकात फिजीने ऑस्ट्रेलियाला २२-१५ हरवलं, १९५४ नंतर पहिल्यांदा.

तर शिकवायचं कसं? पहिले काही आठवडे टॅकलच नको. एकाने टॅकल-बॅग (धडकायची भरलेली मऊ पिशवी) धरून उभं राहायचं, चेंडूवाल्याने तिच्या कडेवर जाऊन पलीकडे पाय टाकायचा आणि दोन हातांनी मागे द्यायचं. पाय बरोबर पडू लागला की कमरेला धरणारा खरा माणूस आणा, पण चालण्याच्या वेगात. मग गुडघ्यांवर बसून ऑफलोड, पडता पडता ऑफलोड. दुसरा बचावपटू सगळ्यात शेवटी, आणि तो आल्यावर ‘देऊ की नको’ हे मुलाने स्वतः ठरवायचं. प्रशिक्षकाने ओरडून सांगायचं नाही. चौदा वर्षांच्या आतल्यांना चार नंबरचाच, म्हणजे लहान, चेंडू द्या. पाच नंबरचा त्यांच्या पंजात मावत नाही, मग ती तो मनगट वळवून पोटाशी दाबायला शिकतात, आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही. एका हाताचा ऑफलोड ज्याचा पंजा भरेल त्यानेच करावा. बाकीच्यांनी दोन हातांनी द्यावा. चेंडू मिळणाऱ्याला काहीच फरक पडत नाही.