ओवेचकिनचं डावं वर्तुळ

६ एप्रिल २०२५ला आइस हॉकीपटू अलेक्झांडर ओवेचकिनने ८९५वा गोल मारून एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगमधला वेन ग्रेट्झ्कीचा सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडला, तोही पॉवर प्लेमध्ये (समोरच्या संघाचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर असताना), गोलसमोर बर्फावर डावीकडे आखलेल्या वर्तुळातून. २००५पासून वॉशिंग्टन कॅपिटल्सचा हा फॉरवर्ड तिथूनच मारणार, हे अख्ख्या लीगला तोंडपाठ होतं. मग अडवता का येत नाही? तो उजव्या हाताने मारतो. त्यामुळे डाव्या बाजूला उभं राहिलं की पलीकडून आलेला पास न थांबवता थेट मारता येतो. स्टिक पकच्या (खेळातल्या रबरी चकतीच्या) किंचित मागे बर्फावर आदळते, दांडा वाकतो आणि सरळ होताना पकला झटका देतो. तेवढ्यात गोलकीपरने या खांबाकडून त्या खांबाकडे पोचायचं! पास पायांत आला तर मात्र सगळं फसतं. निम्मं श्रेय पास देणाऱ्याचंच. ८९५व्या गोलला तो टॉम विल्सन होता.