साथ न करणारा संगणक

गुरुवार, रात्री

आज अमेरिकी संगीतकार जॉर्ज लुईस यांच्या ‘व्हॉयेजर’चे, म्हणजे माणसाबरोबर उत्स्फूर्तपणे वाजवणाऱ्या त्यांच्या संगणक-आज्ञावलीचे, १९९३ साली प्रसिद्ध झालेले ध्वनिमुद्रण पुन्हा सलग ऐकले. त्यात लुईस यांचा ट्रॉम्बोन आहे, रॉस्को मिचेल यांचा सॅक्सोफोन आहे आणि या दोघांबरोबर वाजवणारा संगणक आहे. माझे कान सवयीने साथीच्या जागा शोधत राहतात. गवयाची फिरत मागोमाग उचलावी, तो थांबला की पोकळी भरावी, त्याचा आवाज झाकोळेल असे काही वाजवू नये, हे वर्षानुवर्षे हार्मोनियमची साथ करून माझ्या बोटांत भिनलेले आहे. व्हॉयेजर असे वागायला बांधलेला नाही, आणि लुईस यांनी तो जाणूनबुजून तसा घडवला आहे.

१९८६ ते १९८८ या काळात ॲमस्टरडॅमच्या ‘स्टाइम’ या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या संस्थेत त्यांनी ही आज्ञावली फोर्थ या संगणकभाषेत लिहिली. तिच्यात स्वतंत्रपणे चालणारे, संगणकातलेच ६४ ‘वादक’ आहेत. समोरच्या माणसाच्या स्वरांची उंची, त्यांचा जोर, दोन स्वरांमधले अंतर यांची ती सतत सरासरी काढते आणि दर ५ ते ७ सेकंदांनी त्या वादकांचे नवे गट बांधते. प्रत्येक नव्या गटाची लय, स्वरसमूह आणि वाद्यांचा नाद ठरतोच, पण माणसाचे अनुकरण करायचे, त्याच्या विरुद्ध जायचे की त्याच्याकडे साफ दुर्लक्ष करायचे, हेही तिथेच ठरते. मला सर्वांत मोलाची वाटते ती ही दुर्लक्ष करण्याची मुभा. समोर कोणी वाजवत नसेल तरी यंत्र आपले वाजवत राहते, आणि ते आवरण्यासाठी लुईस यांनी समोरच्या माणसाच्या हाताशी बटण किंवा पायाशी पेडल ठेवलेले नाही. आपल्याच निर्मितीवरचा हक्क इतका सोडून देणारा संगीतकार मला दुसरा चटकन आठवत नाही.

लुईस मूळचे शिकागोचे. कृष्णवर्णीय संगीतकारांनी तिथे १९६५ मध्ये जी संघटना उभारली, तिच्यात ते १९७१ साली आले. मिचेलही त्याच संघटनेतले. अनेक आवाजांनी एकाच वेळी पूर्ण जोराने बोलावे आणि त्यांतल्या कोणालाही दुय्यम ठरवू नये, ही आफ्रिकी-अमेरिकी कलादृष्टी व्हॉयेजरच्या मुळाशी असल्याचे त्यांनी स्वतः लिहिले आहे. ते वाचल्यानंतर या संगीतातली स्वरांची दाटी मला गोंधळ वाटेनाशी झाली, कारण एका मुख्य आवाजाभोवती इतरांनी उभे राहायचे, ही अपेक्षा माझ्या कानांची होती, या संगीताची नव्हती.

इथे लिहून ठेवलेले स्वर नाहीत. लुईस यांनी रचले आहेत ते ऐकण्याचे आणि उत्तर देण्याचे नियम, आणि त्यांच्या आधारे प्रत्येक मैफल वेगळी घडते. तरीही मी याला निःशंकपणे रचनाच म्हणेन, कारण कितव्या सेकंदाला कोणता स्वर येईल हे ठाऊक नसतानाही हा संगणक समोरच्या वादकाला कधी बिलगेल आणि कधी त्याच्यापासून दूर जाईल, यातला स्वभाव मला आज ओळखीचा वाटू लागला.