तुम्ही विचारलंत म्हणून: पितळी घेऊ, स्टीलचा घेऊ, की ॲल्युमिनियमचा?

ड्रम वाजवणारे ओळखीचे-अनोळखी लोक मला फिरून फिरून एकच विचारतात: धातूचे स्नेअर (ड्रमसेटमधला, खाली तारा ताणलेला ड्रम) एकमेकांपासून खरंच वेगळे वाजतात का, आणि वाजत असतील तर कुठला घ्यावा? घाईत असलो की मी "वाजवून बघा" म्हणून सुटतो. त्यावर समोरचा जे तोंड करतो ते बघून ठरवलं, एकदा नीट सांगून टाकू.

वेगळे वाजतात. फक्त लोक तो फरक भलत्याच ठिकाणी शोधतात. काठी पडल्यावरचा पहिला 'टॅक्' बहुतेक सगळा काठीचा आणि हेडचा, म्हणजे काठी पडते त्या पडद्याचा असतो, त्यात धातू ओळखून दाखवणारा मला तरी अजून भेटलेला नाही. वाजतात ती दोन हेड्स, मधली हवा आणि खालच्या तारा. शेल, म्हणजे ड्रमचं नळकांडं, त्यांना ताठ धरून ठेवतं. धातूचं शेल आवाज फारसा पीत नाही, म्हणून लाकडापेक्षा वरचे सूर जास्त वेळ टिकतात. आणि धातूधातूंतला फरक आहे तो या टिकण्यात: ठोक्यामागची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा घुमारा, किती लांबते, कुठल्या पट्टीत घुमते आणि कशी विरते. स्नेअर पारखताना ठोक्याकडे दुर्लक्ष करायचं आणि आस ऐकायची, माझी सगळी पद्धत एवढीच.

ॲल्युमिनियमची आस सगळ्यांत आटोपशीर. घनता पाण्याच्या 2.7 पट, म्हणजे स्टीलच्या जवळपास एक तृतीयांश. ड्रम उचलताच हाताला कळतं. ठोका स्पष्ट येतो, मागे थोडी कोरडी झळाळी राहते आणि संपते. लुडविग कंपनीचा ॲक्रोलाइट मुळात विद्यार्थ्यांसाठी काढलेला साधा ॲल्युमिनियमचा ड्रम, आज रेकॉर्डिंगवाले तो जपून ठेवतात. त्याच घराण्यातला सुप्राफोनिकही ॲल्युमिनियमचाच, वर क्रोमचा मुलामा. ॲल्युमिनियम म्हणजे नाजूक काम असं ज्यांना वाटतं त्यांनी आठवावं की लेड झेपेलिन या रॉक बँडचा ड्रमर जॉन बॉनम याचा नेहमीचा स्नेअर साडेसहा इंच खोलीचा सुप्राफोनिक होता. ढोल फोडल्यासारखं वाजवणारा माणूस, आणि हातात हा 'नाजूक' धातू.

पितळ जड, घनता साडेआठच्या आसपास. खाली भरीवपणा, वर चमक, आणि दोन्ही एकाच वेळी ऐकू येतात, हे त्याचं वैशिष्ट्य. आस लांब असते, पण टोचत नाही. लुडविगचा ब्लॅक ब्यूटी 1920च्या दशकापासूनचा, पितळेवर काळं निकेल. हलक्या हाताने वाजवताना पितळ जे देतं ते दुसऱ्या कुठल्या धातूने मला दिलेलं नाही: घोस्ट नोट्स, म्हणजे जेमतेम ऐकू येणारे ठोके, काठी नुसती टेकवून काढल्या तरी त्यांना अंग असतं.

स्टीलची आस वरच्या पट्टीत असते आणि तीक्ष्ण असते. स्वस्त ड्रमसेटबरोबर बहुधा स्टीलचा स्नेअर येतो, त्यामुळे त्याच्याकडे नाक मुरडायची फॅशन आहे. मला ती पटत नाही. दोन गिटार कर्कश वाजत असतील आणि ड्रमला माइक नसेल, तर त्या गदारोळातून वर येणारा स्नेअर बहुधा स्टीलचाच असतो. छोट्या खोलीत मात्र तो डोकं उठवतो.

तांबं आणि ब्राँझ यांच्याबद्दल थोडक्यात. तांब्याचा आवाज गडद, कडा बोथट, ठोका किंचित मऊ. टिंपनीची (पाश्चात्त्य वाद्यवृंदातल्या नगाऱ्यांची) भांडी पूर्वापार तांब्याची असतात ती उगाच नाही. ब्राँझ पितळ आणि तांबं यांच्या मधलं, मधल्या सुरांत भरलेलं. दोन्ही सुंदर, पण पहिला ड्रम म्हणून मी कोणाला सुचवत नाही.

जाडीचं प्रकरण वेगळंच. बाजारातली बरीच शेल्स एक-सव्वा मिलिमीटर जाडीची, पत्र्याची असतात. टामा कंपनीचा बेल ब्रास मात्र 3 मिलिमीटरचा, ओतीव. निर्वाणा या बँडच्या 1991च्या 'नेव्हरमाइंड' अल्बमवर त्यांचा ड्रमर डेव्ह ग्रोल याने वाजवला तो हाच. इतकं जाड शेल सहजी हलत नाही, त्यामुळे काठीची जवळजवळ सगळी ताकद हेडमधून सरळ बाहेर येते. ऐकायला जबरदस्त. तो खांद्यावर घेऊन दोन जिने चढायचे असतील तर मत बदलू शकतं.

आता खरी अडचण. पितळी आणि स्टीलचा असे दोन ड्रम शेजारी ठेवून लोक म्हणतात, बघा, पितळ किती गोड! बघायला जावं तर पितळीवर नवं हेड, 2.3 मिलिमीटरचे हूप (हेड दाबून धरणाऱ्या कड्या), दहा लग (हेड ताणणारे स्क्रू शेलवर जिथे बसतात ते). स्टीलवर कारखान्यातून आलेलं हेड, 1.6चे पातळ हूप, आठ लग, आणि ड्रमची खोलीही इंचभर कमी. मग ऐकलं काय? हूप पातळ असला की ड्रम मोकळा घुमतो, जाड केला की आवाज आवळला जातो, आणि डाय-कास्ट, म्हणजे ओतीव हूप लावला तर आस इतकी आखडते की पितळसुद्धा ॲल्युमिनियमसारखं वागायला लागतं. तारांचंही तेच. 20 पदरी काढून 42 पदरी लावल्या तर धातू राहतो बाजूला, सगळीकडे सळसळच ऐकू येते. माझ्या कानांचा क्रम विचाराल तर आधी ट्यूनिंग, मग हेड, मग हूप आणि ड्रमची खोली, त्यानंतर धातू.

म्हणून तुलना करायचीच असेल तर दोन्हींवर एकाच जातीची हेड्स चढवा. वर साधं कोटेड, पाव मिलिमीटरवालं. खाली नेहमीचं पातळ स्नेअर-साइड, जे त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही पातळ असतं. हेड ताणणाऱ्या प्रत्येक टेन्शन रॉडजवळ टिचकी मारत सूर जुळवा, दोन्ही ड्रम एकाच सुरावर आणा. मग थ्रो-ऑफ, म्हणजे तारा सोडायचा खटका, खाली पाडून तारा सोडा आणि कडेपासून दोन बोटं आत हलकेच एक ठोका द्या. मधोमध नको, मधोमध आस सगळ्यांत कमी असते. तारा सुटल्या की सळसळीचा पडदा हटतो, आणि पितळेचा लांबणारा 'ऊं' व ॲल्युमिनियमचा लवकर मिटणारा 'अं' यांतला फरक नवख्यालाही कळतो. त्यानंतर तारा परत लावा, काठ्या दुसऱ्याच्या हातात द्या, आणि पाठ करून खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहा. वाजवणाऱ्याच्या जागेवरून ऐकू येणारा निम्मा फरक तिथवर पोचत नाही. जो पोचतो, पैसे त्याच्यासाठी मोजायचे.

"पण रेकॉर्डवर तर फरक चांगला ऐकू येतो," हे पुढचं वाक्य ठरलेलं. येतो, आणि त्याचं श्रेय बरंचसं कंप्रेसरचं. तो ठोका दाबतो आणि मागची आस वर उचलतो. धातू जिथे बोलतो नेमका तोच भाग मोठा होतो. प्रत्यक्षात जी आस गाण्यात बुडून गेली असती ती मिक्समध्ये ठळक होते, आणि मग इंजिनिअर हेडवर जेलचा तुकडा चिकटवून ती पुन्हा मारतो. पितळेची आस विकत घ्यायची आणि चिकटपट्टीखाली गाडायची, हा उद्योग मला कधीच कळलेला नाही.

जुना घेणार असाल तर खिशात लोहचुंबक ठेवा. क्रोम चढवलं की पितळ, स्टील, ॲल्युमिनियम सगळे सारखेच चकाकतात, आणि विकणाऱ्याला बहुधा 'पितळ'च आठवतं. चुंबक हूपला लावून उपयोग नाही, तो तिथे बहुधा चिकटणारच; दोन लगांच्या मधे शेलला लावायचा. चिकटला तर साधं स्टील. नाही चिकटला आणि ड्रम हलका लागला तर ॲल्युमिनियम. अशा जुन्या ॲल्युमिनियमवर क्रोमला बारीक फोड आलेले दिसतील, काही ठिकाणी पापुद्रेही सुटलेले असतील, कारण या धातूवर क्रोम नीट धरत नाही. त्याने आवाजाचं काही बिघडत नाही. भाव पाडून मागायला मात्र ते फोड फार कामाचे.

आणि कुठला घ्यावा? एकच घ्यायचा असेल तर ॲल्युमिनियम, पाच किंवा साडेसहा इंच खोलीचा, दहा लगांचा. हलक्या हाताने वाजवणं जास्त असेल, ब्रश आणि घोस्ट नोट्सवर जीव असेल, तर पितळ. घरात स्टीलचा पडून असेल तर आधी त्याचं खालचं हेड बदला. ते बहुतेकांनी ड्रम घेतल्यापासून बदललेलंच नसतं.